वाचक विचारतात : एसएसीडी लॅपटॉपवर रिप केली, मग फरक का कळत नाही?

गेल्या महिन्यात स्पीकरवर लिहिलं आणि पत्रं आली सगळी डिस्कवर, असंच असतं आपलं. बरीचशी ठाणे-नवी मुंबईचीच आहेत. "कुठला डॅक घेऊ" वाले प्रश्न (डॅक म्हणजे डिजिटल फाईलचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) पुढच्या अंकात, यावेळी फक्त हाय-रेझ डिस्क (साध्या सीडीपेक्षा जास्त बारकाईने आवाज साठवणाऱ्या, एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी त्यातलीच एक), त्यांचं रिपिंग, म्हणजे डिस्कवरचं गाणं कॉम्प्युटरवर फाईल करून घेणं, आणि त्यावरून होणारी भांडणं.

वाशीहून एक वाचक : सर, सेकंडहँड मध्ये एक हायब्रिड एसएसीडी मिळाली. लॅपटॉपला बाहेरून डीव्हीडी ड्राइव्ह लावून रिप केली, २४/१९२ फ्लॅक (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झची, दर्जा न घटवता दाबलेली फाईल) बनवली, फाईल पण दणकून मोठी झाली. माझ्याकडे त्याच अल्बमची साधी सीडी आहे आणि दोघांत मला काडीचा फरक कळत नाहीये. माझे कान गेले की हे सगळं थोतांड आहे?

कान शाबूत आहेत तुमचे, उलट बरोबर ऐकताय. तुम्ही एसएसीडी रिप केलीच नाहीये हो. हायब्रिड डिस्कमध्ये दोन लेयर असतात, लेबलच्या लगेच खाली साध्या सीडीचा आणि डिस्कच्या जाडीच्या मधोमध हाय-रेझचा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, तो मधल्या लेयरमधून आरपार जाऊन सीडी वाचतो, आणि हाय-रेझ लेयर ६५० नॅनोमीटरच्या लेझरने वाचायचा असतो. आता तुम्ही म्हणाल डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तर ६५० चाच लेझर आहे, मग अडलं कुठे? तर सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये हा फॉरमॅट बाजारात आणला तेव्हाच त्याला कुलूप लावून आणला, डिस्कवरच्या खड्ड्यांच्या रुंदीतच किल्लीचा एक भाग लपवलेला असतो आणि तो वाचायचं हार्डवेअर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये दिलेलंच नाही. म्हणून लॅपटॉपला दिसते ती फक्त सीडी, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. तुम्ही तीच घेऊन २४/१९२ केलीत, म्हणजे पातेलं मोठं घेतलं, आमटी तेवढीच.

खरी एसएसीडी रिप करायचा रस्ता लोकांनी काढला तो आधी जुन्या प्लेस्टेशन ३ वरून, तेही सुरुवातीची मॉडेल्स आणि फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ३.५५ किंवा त्याआधीचं असेल तरच, नंतर ओप्पो, पायोनियरच्या काही ठराविक ब्लू-रे प्लेअरमधून घरच्या नेटवर्कवर. ओप्पोने तर २०१८ मध्ये प्लेअर बनवणंच बंद केलं त्यामुळे आता जुन्यातच शोधायचं आणि विकणाऱ्याला माहीत असतं तो का हवाय ते, भाव तसाच सांगतो. निघालेली फाईल डीएसडी असते, म्हणजे एसएसीडीचा आवाज साठवायचा स्वतःचा प्रकार, १ बिट आणि २.८२२४ मेगाहर्ट्झ, स्टिरिओला मिनिटाला साधारण ४२ एमबी धरा म्हणजे तासाभराच्या अल्बमला अडीच जीबी. सीडी मिनिटाला १० एमबी खाते.

आणि हो, कायदा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, हक्कांचा भंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द त्यात आहे, पण तेवढ्यावर मी तुम्हाला बिनधास्त राहा असं सांगणार नाही, ते वकिलाचं काम. "रिप केलेली फाईल पाठवा ना" अशी पत्रं मात्र येतात, त्यांना उत्तर जात नाही. नुसतं ऐकायचंच असेल तर एसएसीडी वाजवणारा प्लेअर आणि त्याचा अॅनालॉग आऊट, एवढं पुरतं, रिप करायचा हट्ट का?

घोडबंदर रोडवरून : दादा, आम्ही चार मित्र रविवारी जमतो, एकाच अल्बमची सीडी आणि एसएसीडीची फाईल एकामागून एक लावतो. तिघं म्हणतात एसएसीडी मोकळी वाटते, मला सीडीच दणदणीत वाटते. आता वादावादी इतकी झालीये की चहा पण गार होतो. कोण बरोबर?

सगळे बरोबर असाल, पण डीएसडी विरुद्ध सीडी या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोणीच दिलेलं नाहीये.

पहिलं आवाजाचं बघा. एसएसीडीच्या स्टँडर्डमध्ये शून्य डीबीची पातळी डीएसडीच्या तात्त्विक कमाल पातळीपेक्षा ६ डीबी खाली धरलेली आहे, त्यामुळे पीसीएममध्ये (सीडी आणि फ्लॅक ज्या प्रकारात असतात त्यात) कन्व्हर्ट करताना वाढवली नाही तर फाईल ६ डीबीने हळू येते. तुम्हाला सीडी दणदणीत वाटली ती बहुतेक यामुळेच. कानाला थोडं मोठं वाजलं की ते चांगलंच वाटतं, हे कोणालाच चुकलेलं नाही, म्हणून दोन्ही ०.१ डीबीच्या आत जुळवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा नियमच करा. फूबार या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये रिप्लेगेन ही आवाजाची पातळी जुळवायची सोय आहे, त्याने बरंच जवळ येतं, पक्कं हवं असेल तर दोन्हीचा तोच तुकडा घेऊन मोजा.

दुसरं, आणि माझ्या मते भांडणाचं मूळ हेच आहे, दोन्हीचं मास्टरिंग, म्हणजे डिस्क काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, एकच आहे का? ऑडासिटी या ऑडिओ एडिटरमध्ये दोन्ही उघडून वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) शेजारी शेजारी ठेवा. पुष्कळदा दिसतं की हाय-रेझला चढउतार आहेत आणि सीडीला वरून लिमिटर (मोठे आवाज दाबणारं साधन) मारून सपाट केलंय, एकाच हायब्रिड डिस्कच्या दोन लेयरमध्ये सुद्धा हे होतं. मग तुमच्या मित्रांना जे मोकळं वाटतंय ते मास्टरिंग इंजिनिअरचं काम आहे, डीएसडीचं नाही. ख्यालाच्या रेकॉर्डिंगला तर हे फारच लागतं, आलापातला दबका स्वर आणि द्रुतमधली तान यांच्यात जो अंतर आहे तोच मुळात संगीत आहे आणि लिमिटरने नेमका तोच खाल्ला की मग १९२ काय आणि ३८४ काय.

फक्त फॉरमॅटच तपासायचा असेल तर असं करा, हाय-रेझ फाईलचीच स्वतः १६/४४.१ कॉपी बनवा, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीकसा नॉइज) लावून, आणि ती परत मूळ रेटला चढवा. परत का चढवायची, तर रेट बदलला की कित्येक डॅक टिक् करतात किंवा क्षणभर थांबतात आणि माणूस त्यावरूनच ओळखतो. मग ही दोन पिल्लं फूबारच्या एबीएक्स कम्पॅरेटरमध्ये, म्हणजे कुठली फाईल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीत टाका. दहा सेकंदांचा तुकडा लूपवर घ्या, गायक थांबलाय आणि मागे फक्त तानपुरा चालू आहे असा, किंवा तबल्याची चाटेवरची थाप. तुम्हाला पाठ असलेलंच गाणं घ्या, डेमोसाठी म्हणून लोक जे परदेशी जॅझ लावतात ते नको, त्यात काय असायला हवं हेच आपल्याला माहीत नसतं. १६ वेळा ओळखायचं ठरवा, १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली असते. दहातले सात आले म्हणून कोणी नाचायला लागला तर त्याला सांगा, नाणं उडवून पण शंभरात सतरा वेळा तेवढं किंवा त्याहून जास्त येतं.

मोठ्या प्रमाणावर हे लोकांनी केलेलं आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं, हाय-रेझ डिस्कचा सिग्नल मध्येच सीडी-दर्जाच्या कन्व्हर्टरमधून फिरवला तर लोकांना कळतं का, तर ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर, म्हणजे ४९.८ टक्के, छापा-काटा. पण २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर सरासरी ५२.३ टक्के निघाली आणि आधी सराव दिलेल्या लोकांचं बरंच जास्त. म्हणजे फरक आहे असं धरलं तरी तो धाग्याएवढा. गंमत म्हणजे त्याच मेयर-मोरान यांनी असंही लिहिलंय की त्यांनी वापरलेल्या जवळजवळ सगळ्या हाय-रेझ डिस्क बहुतेक सीडींपेक्षा चांगल्या वाजत होत्या, कारण त्यांच्यावर काम जास्त काळजीने झालेलं. तेव्हा तुमचे तिघं मित्र पैसे देऊन मास्टरिंग विकत घेतायत, आणि त्यात चूक काहीच नाही.

बाकी घोडबंदरला खिडकी उघडी ठेवून १६ बिटच्या नॉइज फ्लोअरवर (मागच्या बारीक खरखरीवर) वाद घालणं म्हणजे… जाऊ दे. रात्री ट्रक सुरू झाले की हेडफोन.

नेरुळहून : स्पेक नावाच्या, फाईलमधल्या फ्रिक्वेन्सी रंगात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या दोन फाईल बघितल्या. एसएसीडीवाल्या फाईलमध्ये ५० किलोहर्ट्झपर्यंत रंग आहे, एका २४/९६ डाऊनलोडमध्ये २२ च्या वर एकदम काळं. पहिली भारी आणि दुसरी फसवी, बरोबर ना?

दुसरीबद्दल संशय रास्त आहे. २२.०५ किंवा २४ च्या आसपास भिंतीसारखं सरळ तुटत असेल तर मूळ मास्टर ४४.१ किंवा ४८ चं असून वर चढवलेलं असायची शक्यता मोठी, विकणाऱ्याला विचारा आणि पैसे परत मिळतात का बघा. पण हळूहळू विरत गेलं असेल तर ते नैसर्गिक आहे, जुन्या टेपवर त्या वर फार काही नसतंच. पहिलीमध्ये मात्र घाई करताय. १ बिटवर काम भागवायला डीएसडी आपला सगळा नॉइज ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलतं, २५ च्या पुढे जो ढग वर वर चढत गेलेला दिसतो तो नॉइजच, गाणं नाही. गाण्याच्या जोराबरोबर तो हलत नाही, शांत जागी पण तसाच, यावरून ओळखा. २४/८८.२ ला कन्व्हर्ट करताना लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावून टाका, अॅम्पला उगाच त्रास नको.

खारघरहून : डीव्हीडी-ऑडिओ (डीव्हीडीवरची हाय-रेझ गाणी) पण तशीच कुलूपबंद असते का? साध्या डीव्हीडी प्लेअरवर तर वाजते.

साध्या प्लेअरवर वाजतो तो तिच्यातला डीव्हीडी-व्हिडिओ भाग, बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल म्हणजे लॉसी, तपशील गाळून दाबलेला. २४/९६ सराऊंड किंवा २४/१९२ स्टिरिओ वेगळ्या फोल्डरमध्ये असतं. कुलूप यालाही आहे पण कॉम्प्युटरचा ड्राइव्ह डिस्क वाचतो, तो एसएसीडीसारखा आंधळा नसतो.

नौपाड्यातून एक ताई : बाबांच्या नाट्यसंगीत, अभंगाच्या दोन खोके सीडी आहेत, काहींवर बुरशी. रिप करायला घेतल्या तर प्रोग्रॅम म्हणतो अॅक्युरेटरिपमध्ये ही डिस्कच नाही. शिवाय दोन-तीन जुन्या सीडी फाईलमध्ये चिरक्या वाजतात, बाबा म्हणतात प्लेअरवर अशा नव्हत्या.

ताई, बाबांचं ऐका. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडी प्री-एम्फसिस लावून बनवल्या, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम उचलून, आणि डिस्कवर एक खूण ठेवून. प्लेअर ती खूण बघून आपोआप खाली आणतो, रिप केलेली फाईल मात्र तशीच चिरकी राहते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपिंगच्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकसमोर प्री-एम्फसिसचा कॉलम दिसतो, तिथे हो असेल तर सॉक्स या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये डीएम्फ हा इफेक्ट लावा, झालं. कधीकधी खूण सबकोडमध्येच (गाण्याबरोबर चालणाऱ्या लपलेल्या माहितीत) असते आणि कॉलममध्ये येत नाही, तेव्हा बाबांच्या कानावर भरवसा ठेवा.

अॅक्युरेटरिप म्हणजे जगातल्या इतरांनी तीच डिस्क रिप केली असेल तर तिच्याशी ताळा. आपले अभंग तिकडे कोण रिप करणार! तुम्ही त्याच प्रोग्रॅममधलं टेस्ट अँड कॉपी चालवा, ते डिस्क दोनदा वाचतं, दोन्ही सीआरसी (फाईलचे तपासणी-आकडे) जुळले की बहुतेक ठीक, आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांचा दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह आणून परत एकदा, ऑफसेट (ड्राइव्ह किती पुढे-मागे वाचतो ते) दोन्हीकडे नीट सेट करून. तिथेही जुळले तर निश्चिंत.

बुरशीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल अजिबात नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा ड्राइव्हला भरून काढता येत नाही. लेबलच्या बाजूला हात जपून, सीडीचा डेटा त्या पातळ लॅकरच्या खालीच असतो, खालच्या बाजूचा ओरखडा परवडला पण वरचा नाही. कागदी इनले वेगळे काढून वाळवा, पावसाळ्यात ओल तेच धरतात. आणि खोक्यात कोणी घरी बर्न करून दिलेल्या सीडी-आर असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी त्या घ्या, त्यातला डाय (ज्यात डेटा लिहिला जातो तो रंग) उडायला लागला की काही करता येत नाही.