रंग उघडण्याआधी साल ठरव

मित्रा, टेबलावर लढाई मांडायला छोट्या घोडेस्वार बाहुल्यांचा पहिला खोका आणलास, छान. पण रंगाची बाटली इतक्यात उघडू नकोस. आधी साल ठरव. ‘मराठी फौज’ म्हणजे कोणती? शिवकाळातली, १७६१ ची पानिपतावरची, की १८०३ ची इंग्रजांशी लढलेली?

शिवकाळ घेतलास तर सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांवरच्या जुन्या वृत्तांतात, बांधणीच मिळते: पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. पंचवीस स्वारांमागे एक बाहुली धरलीस की जुमल्याला पाच बाहुल्या, हजारीला पन्नास. अधूनमधून पाणी वाहणारा पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा नालबंदही ठेव. टेबलावर फार शोभतात. हाच हिशेब पानिपतावर मात्र चिकटवू नकोस. तिथे सरदारांची पथकं, हुजुरात (पेशव्यांची खाशी फौज) आणि इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती पायदळ, असा वेगळाच मामला.

गणवेशाचं विचारलंस. शिलेदार घोडा स्वतःचा आणायचा, कपडेही स्वतःचेच. मी पहिल्या तीस स्वारांना एकसारखी भगवी पागोटी रंगवली आणि ते थेट गणेशोत्सवातलं ढोलपथक दिसायला लागलं! सगळी पुन्हा खरवडली. पांढरं, मळकं, फिकट लाल असं मिसळ. युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या कवायती पलटणींचं गणित वेगळं, तिथे सारखेपणा हवाच.

चित्र पाहताना ते कधी काढलंय ते आधी बघ. शनिवारवाड्यासमोरचा बाजीरावाचा पुतळा सुंदर आहे, पुरावा नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी लघुचित्रं आहेत. वही घेऊन जा, पागोट्याचे पेच नीट उतरवून घे.