वाचकांचे प्रश्न : जुनी जिप्सी आणि हातातले साठ हजार

प्रश्न : काकांनी दिंडोरीच्या मळ्यावर वापरलेली २००३ सालची मारुती जिप्सी किंग माझ्याकडे आली आहे. इंजिन उत्तम आहे, परंतु ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि रात्री पेठच्या रस्त्याला समोरचे धड दिसत नाही. पावसाळ्यात हरसूल, सुरगाणा भागात भटकण्याची इच्छा आहे. गॅरेजवाल्यांनी लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचे टोक चासीला जोडणारा दुवा) लावून गाडी दोन इंच उचलणे, २३५/७५ आर १५ मापाचे टायर, पुढे लोखंडी बुलबार आणि १०० वॉटचे बल्ब असा बेत सुचवला आहे. माझ्याजवळ साठ हजार रुपये आहेत. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ज्या शहरात महिंद्रच्या जीपगाड्या तयार होतात त्याच शहरात जिप्सीवर जीव टाकणाऱ्यांची इतकी पत्रे यावीत याची मला गंमत वाटते. आपल्याला सुचवलेल्या चार कामांपैकी एकही काम आपल्या दोन तक्रारींपैकी एकीवरचा खरा उपाय नाही, आणि उचललेल्या गाडीवर मोठे टायर चढले की थरथर वाढण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून सुरुवात थरथरीपासून करावी. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ म्हणजे सैलपणा जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे, आणि तसाच राहिला तर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते तिच्या, बेअरिंगकडे संशयाने पाहावे. चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉडची, म्हणजे दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याची, टोके झिजलेली असतात. जिप्सीला पुढेही अखंड अ‍ॅक्सल असल्यामुळे यांपैकी एका ठिकाणचा खेळ दोन्ही चाकांना नाचवतो. अशा वेळी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर) बसवून थरथर दडपणारे कारागीर भेटतात. डॅम्पर वाईट नाही, पण झिजलेल्या बेअरिंगवर तो बसवणे म्हणजे रोग तसाच ठेवून ताप उतरवणे होय. बेअरिंगे, टाय रॉडची टोके, शॅकलचे बुश, चाकांचे बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट, याच क्रमाने काम करून घ्यावे.

त्यानंतर पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पाने रचून केलेल्या स्प्रिंगा. वीस वर्षांच्या गाडीचे पाटे बहुधा बसलेले असतात आणि पानांमध्ये गंज धरल्यामुळे ती एकमेकांवर सरकत नाहीत. जिप्सी आपटते म्हणून जी तक्रार केली जाते, तिचे निम्मे कारण या गंजातच असते. पाटे उतरवून, पाने सुटी करून घासून, कमान पुन्हा भरून ग्रीस लावले आणि नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर घातले की गाडी आपल्या मूळ उंचीवर येते, आणि पुष्कळांना तीच ‘उचलल्या’सारखी वाटते. मऊपणासाठी एखादे पान काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नये.

शॅकलचे गणितही समजून घ्या. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक चासीला जखडलेले असते. शिवाय त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बदलतो, किंगपिनचा मागे झुकलेला कोन कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटू लागते. दगडाला आधी लागणारा डिफरन्शियलचा (वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा मात्र या खटाटोपाने सूतभरही वर जात नाही, कारण तो अ‍ॅक्सलवर असतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर. गाडी उचलण्याचा लाभ फार तर मोठे टायर मडगार्डला घासू नयेत एवढाच.

आता टायर. आपल्या गाडीचे मूळ माप २०५/७० आर १५, म्हणजे व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. सुचवलेल्या टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के अधिक. गोळा ३३ मिलिमीटर वर जाईल हे खरे, पण प्रत्येक गिअर तेवढाच लांबेल, चढावर दम कमी पडेल, ब्रेकवर ताण येईल आणि काटा साठ दाखवत असताना आपण छासष्टच्या वेगाने जात असाल. १.३ लिटरच्या इंजिनाला हे ओझे मी देणार नाही. २१५/७५ आर १५ घेतले तर व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर होतो आणि १८ मिलिमीटर उंची मिळते, पण फेंडरमध्ये जागा पुरते की नाही हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि कागदोपत्री परवानगीची चौकशी आधी करावी. अन्यथा मूळ मापातच ऑल-टेरेन नक्षीचे टायर घ्यावेत. खोल खाचांचे मड टायर चिखलात सरस असतात, पण आपला अधिक प्रवास ओल्या डांबरावरूनच होणार आहे. निफाडकडची काळी चिकणमाती तर कोणत्याही नक्षीत भरून बसते. तिथे टायरपेक्षा चालकाचा धीरच कामी येतो. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की चिखलातली पकड लक्षणीय सुधारते. डांबरावर येताच पुन्हा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा. खर्चाच्या मानाने याहून उपयोगी वस्तू मला ठाऊक नाही.

दिव्यांविषयी : १०० वॉटचे बल्ब घालू नयेत. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह बारीक वायर आणि झिजलेल्या स्विचमधून जातो, त्यामुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. व्होल्टेज दहा टक्के घटले तर हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणि दोन रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवले, अर्थिंग घासून घट्ट केले आणि काळवंडलेले रिफ्लेक्टर बदलले तर ६०/५५ वॉटचे साधे बल्बच पेठचा घाट उजळतील. वायरिंग न बदलता मोठे बल्ब घातलेल्या एका गाडीचा वितळलेला स्विच मी स्वतः हातात घेतलेला आहे.

ओढे ओलांडायचे असतील तर एक अगदी स्वस्त काम विसरू नका. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्राला) रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनच्या कप्प्यात उंचावर न्यावे. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर ते त्याच आठवड्यात बदलावे.

बुलबारचे पैसे वाचवा. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करण्यास कळवले आहे, आणि पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो. त्याऐवजी चासीला बोल्टने घट्ट बसवलेले ओढण्याचे हुक पुढे-मागे असावेत आणि एक चांगला पट्टा जवळ ठेवावा. या हिशेबात आपल्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा टायरच घेतील, पण ते शेवटी घ्यावेत, कारण सैल किंगपिनवर नवा टायर काही महिन्यांतच वाकडा झिजतो.

प्रश्न : माझी १९९२ सालची हजार सीसी जिप्सी भावली धरणाजवळ चिखलात रुतली. फोर व्हीलचा लिव्हर टाकला तरी पुढची चाके फिरली नाहीत. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटून देणारी गिअरांची पेटी) गेला असावा का?
— एक शेतकरी वाचक, घोटी

उत्तर : तो उघडण्यापूर्वी पुढच्या चाकांच्या मध्यावरचे हब पाहावेत. हाताने फिरवायचे हब ‘लॉक’वर नसतील तर लिव्हर कितीही टाकला तरी चाकांना जोर मिळत नाही. ते लॉकवर असूनही चाके फिरत नसतील तर मागच्या चाकांना दगड लावून पुढची दोन्ही चाके उचलावीत, गाडी फोर व्हीलमध्ये आणि गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर दोन्ही हब शाबूत आहेत. न फिरल्यास हब उघडून जुने, घट्ट झालेले ग्रीस धुऊन काढावे. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील टाकू नये, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसते आणि वळणावर सगळा पीळ गिअरांवर येतो.

प्रश्न : नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी अशा बदलांची अडचण येते का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी गाडी तपासली जाते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पाटे, बुश, बेअरिंग, रिले, ब्रीदरची नळी ही दुरुस्तीची कामे आहेत; इंजिन, रंग किंवा बांधणी बदलायची असेल तर पेठ रोडच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारावे, आणि विमा कंपनीलाही कळवावे.