फ्रीझर गार, पण खाली दूध नासतंय. गॅस भरून घ्यावा का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: पुण्यात वारज्यातला फ्लॅट, सहा वर्षांचा डबल डोअर फ्रिज, वर बर्फ होतोय, खाली ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी नासतंय. मेकॅनिक आला आणि मागे हातसुद्धा न लावता 'गॅस गेलाय' म्हणाला. इतक्यात हो म्हणू नका.

मी मेकॅनिक नाही. पण सहकारनगरला आमच्या घरी अगदी हेच झालं होतं आणि मी एकदा नाही, दोनदा गॅस भरून घेतला. दोन्ही वेळा फ्रिज आठ-दहा दिवस झकास चालला आणि मग ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला: गॅस भरायला नेला की फ्रिज दिवसभर बंद राहायचा, आतला बर्फ वितळायचा आणि म्हणून तो सुधारायचा. पैसे मी गॅसचे मोजत होतो!

फ्रिजमधला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. शिवाय गॅस गेला तर फ्रीझरही ढिला पडतो. तुमचं आइस्क्रीम दगडासारखं राहत असेल, तर गॅसवर संशय घ्यायचं फारसं कारण नाही.

डबल डोअरमध्ये सगळा गारवा फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड, कॉइलवर तयार होतो. तिथला पंखा तो खाली ढकलतो. म्हणजे एकतर पंखा बंद आहे, नाहीतर कॉइलवर बर्फाची भिंत झालीय आणि हवेला वाट नाही. पंखा ओळखणं सोपं. दार उघडलं की तो बऱ्याच फ्रिजमध्ये थांबतो, म्हणून फ्रीझरच्या दाराचा स्विच बोटाने दाबून ठेवा आणि कान द्या. घरघर ऐकू आली तर पंखा जिवंत आहे. (कॉम्प्रेसर चालू असताना ऐका, नाहीतर उगाच फसाल.)

बर्फासाठी एकच खात्रीची चाचणी: फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून 24 तास राहू द्या. खाली जुने टॉवेल अंथरा, पाणी बरंच येतं. घाई करून सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. नळीला भोक पडलं की मग गॅस खरोखरच जाईल. त्यानंतर फ्रिज उत्तम चालला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा रुसला, तर डीफ्रॉस्ट बिघडलाय हे धरून चाला. कॉइलवरचा बर्फ अधूनमधून वितळवणारा हीटर, त्याचा फ्यूज, बायमेटल (गारव्यानुसार हीटरचं सर्किट जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा टायमर, यांतलं काहीतरी गेलंय. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड असतं, तिथे मी हात घालत नाही.

मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून मल्टिमीटर आणला, प्लग काढून हीटर मोजला. काहीच रीडिंग नाही, म्हणजे तार आतून तुटलेली. बायमेटलबाबत मात्र एक गोची आहे. तो गार असतानाच जोडलेला असतो, खोलीच्या तापमानाला मीटर तो उघडा, म्हणजे तुटलेला दाखवणारच. चांगला बायमेटल मी फेकायच्या बेतात होतो. शेजारणीच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवून मोजला तेव्हा ठीक निघाला.

एवढं करायचं नसेल तर मेकॅनिकला फक्त म्हणा, 'आधी डीफ्रॉस्टचं सर्किट बघा, गॅसचं नंतर बोलू.' बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतलं ड्रेनचं भोक तुंबलंय, सिरिंजने कोमट पाणी सोडा. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा, अलगद निघून आली तर रबर ढिलं. लाइट जाऊन आल्यावर 'टक' असा आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडत असेल, तर पाच-दहा मिनिटं फ्रिज बंद ठेवून मग लावा. मागच्या पाण्याच्या ट्रेकडे पावसाळ्यात दर आठवड्याला बघाच, डेंग्यूचे डास तिथे अंडी घालतात.

गॅसचं काम मात्र घरी अजिबात नको. कॉम्प्रेसरवर आर-600ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचाच, पेट घेणारा.

चाचणी शनिवारी रात्री सुरू करा, आणि दूध-दही तेवढं शेजारी ठेवायला द्या.