चिलटाच्या पोटातला काळा ठिपका

प्रश्न: माझ्या दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, माश्या-मुंग्या आजारी पडतात का, आणि पडल्या तर बऱ्या कशा होतात? मी सांगून टाकलं की त्यांना कसली आलीय प्रतिकारशक्ती, मरतात बिचाऱ्या. बरोबर ना?

उत्तर: नाही हो, चुकलंच. आपल्यासारख्या अँटीबॉडी त्यांच्याकडे नसतात एवढं खरं, पण बाकी बंदोबस्त चोख असतो. पिकलेल्या फळावर घिरट्या घालणारं चिलट घ्या, म्हणजे शास्त्रज्ञांची लाडकी ड्रॉसोफिला. तिची अळी फळात खात बसलेली असते आणि तिळाहून लहान अशी एक गांधीलमाशी येऊन नळीसारखी सुई तिच्या अंगात खुपसते न् आत अंडं घालून निघून जाते. ते अंडं फुटलं की आतलं पिल्लू अळीला जिवंतपणी आतून खातं. आता अळी काय करते बघा, तिच्या रक्तातल्या पेशी त्या अंड्याला चिकटायला लागतात, मग चपट्या आकाराच्या वेगळ्याच पेशी तयार होऊन त्याच्यावर थरावर थर गुंडाळतात आणि वरून मेलॅनिनचा लेप बसतो, हो तेच, आपल्या केसांना काळा रंग देणारं. दोनेक दिवसांत अंडं आतल्या आत खलास. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ती अळी मोठी होऊन माशी झाली तरी ते मेलेलं अंडं तिच्या पोटात काळा ठिपका बनून तसंच राहतं, मायक्रोस्कोपखाली बाहेरूनसुद्धा दिसतं. ठिपका दिसला की समजायचं, ही बाई लढून वाचलेली आहे.

मुलाला हेही सांगा की काही अळ्या चक्क दारूचा आधार घेतात. सडक्या फळात अल्कोहोल असतंच, तर गांधीलमाशीने अंडं घातलेल्या अळ्या मुद्दाम जास्त अल्कोहोलवालं खाणं शोधतात कारण पोटातल्या पिल्लाला ते सोसत नाही, असं टॉड श्लेंके यांच्या टीमने 2012 मध्ये दाखवलं. (हे मुलाला सांगावं की नाही ते तुम्हीच ठरवा!)

प्रश्न: एवढी भारी सोय आहे तर सगळीच चिलटं का नाही वाचत?

उत्तर: हा खरा प्रश्न. एक कारण म्हणजे समोरची पार्टीपण तयारीची आहे. काही गांधीलमाश्या अंड्याबरोबर असं विष सोडतात की त्या गुंडाळणाऱ्या पेशीच मरतात, आणि काही तर अंड्यासोबत व्हायरस टोचतात जो त्यांच्या स्वतःच्याच अंडाशयात तयार होतो, त्याचे जीन पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या डीएनएतच बसलेले असतात.

पण मोठं कारण हिशोबाचं आहे. क्रायेवेल्ड आणि गॉडफ्री या दोघांनी 1997 मध्ये एक प्रयोग छापला. त्यांनी काय केलं, गांधीलमाशीच्या हल्ल्यातून वाचलेल्या चिलटांचीच पुढची पिढी वाढवली, परत हल्ला, परत वाचलेल्यांची पिढी, असं करत गेले. सुरुवातीला शंभरातल्या पाचेक अळ्या अंडं मारू शकत होत्या, पाचच पिढ्यांत निम्म्याहून जास्त मारायला लागल्या. म्हणजे जमतं की! मग निसर्गात सगळ्याच अशा का नाहीत? तर त्या पहिलवान अळ्या साध्या अळ्यांबरोबर एकत्र वाढवल्या आणि खाणं कमी ठेवलं तेव्हा त्या मागे पडल्या, मरायलाही जास्त लागल्या. खाणं भरपूर असलं की फरक दिसतच नाही. नंतर कळलं की त्यांच्या रक्तात पेशी जवळपास दुप्पट असतात आणि त्या खातातही सावकाश. फौज पोसायची म्हटली की घरखर्चाला कात्री लागणारच, आणि गांधीलमाशी आलीच नाही तर तो खर्च वाया.

प्रश्न: किड्यांवर इतकी वर्षं घालवून माणसाला काय मिळालं?

उत्तर: नोबेल मिळालं, हे छोटं उत्तर. ज्यूल्स हॉफमन यांच्या लॅबने 1996 मध्ये दाखवलं की टोल नावाचा जीन बिघडला की चिलटं बुरशीने पटापट मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांना उंदरात तशाच धाटणीचा जीन सापडला, जो बॅक्टेरिया आल्याची वर्दी देतो, आणि तो आपल्यातही आहे. 2011 चं नोबेल या दोघांना त्यासाठीच मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर.

प्रश्न: किड्यांना लस देतात का? (हसू नका प्लीज.)

उत्तर: हसत नाही, देतात. मधमाशीच्या अळ्या सडवणाऱ्या एका बॅक्टेरियाविरुद्धच्या लशीला अमेरिकेत सशर्त मंजुरी मिळाल्याचं 2023 च्या सुरुवातीला जाहीर झालं. सुई वगैरे काही नाही, मेलेले बॅक्टेरिया राणीच्या खाण्यात मिसळतात, कामकरी माश्या ते तिला भरवतात आणि तिच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या आधीच सावध झालेल्या असतात.