मेळघाट: वाघ नाही दिसला तरी रानपिंगळा शोधा

तुम्ही विचारलंय की मेळघाटात वाघ सहसा दिसत नाही, मग दोन दिवस घालवावेत का, आणि रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, साध्या पिंगळ्यापासून वेगळा ओळखायचा कसा. जरूर जा. वाघ हाच एक हेतू असेल तर मात्र ताडोबा बरा. मेळघाट हा डोंगरदऱ्यांचा, दाट सागाचा मुलूख आहे, जनावर चार पावलांवर असलं तरी नजरेस पडत नाही. गवा, सांबर, भेकर, अस्वल सगळं आहे, पण ते आधी कानांना कळतं.

रानपिंगळ्याची गोष्ट माहीत असेल तर तो पाहण्यातला आनंद दुणावतो. १८७३ साली ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूमने त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणालाच सापडला नाही. मध्ये १९१४ चा एक नमुना पुढे आला, पण तो ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना निघाला. त्या खोट्या नोंदीमुळे लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या लक्षात आली, त्यांनी खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो असल्याचं कळलं, आणि आज त्याच्या मोजक्या भरवशाच्या ठिकाणांत मेळघाट येतं.

आता ओळख. सगळ्यात आधी डोकं पाहा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखी-तपकिरी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र. शेपटीवरचे पट्टे रुंद. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. चिडला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

तो दिवसाढवळ्या शिकार करतो, त्यामुळे रात्री शोधत फिरू नका. सकाळी ऊन अंगावर घेत वठलेल्या फांदीवर बसलेला असतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर टिपतो. पिंगळ्यांचा कर्कश भांडखोर कलकलाट आपल्याला गावातून माहीत असतो. याची हाक गोल, शिट्टीसारखी. कोतवाल आणि बारके पक्षी एखाद्या झाडावर तुटून पडलेले दिसले तर तिथे दुर्बीण लावाच. मला पहिल्यांदा तो असाच सापडला, पाऊण तास एका सागाखाली बसल्यावर.

परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोह, कोलकास, हरिसाल लागतात. त्या भागात विरळ, कोरडा साग आणि मोकळ्या कडा जिथे दिसतील तिथे थांबा. घनदाट झाडीत त्याला शोधणं व्यर्थ. हिवाळ्यात जा. तेव्हा तो जास्त हाका देतो, आणि सागाची पानं गळू लागली की फांद्याही मोकळ्या होतात. इथल्या कोरकू आदिवासींपैकी कुणी वाटाड्या मिळाला तर सोडू नका, माझ्या पुस्तकी ओळखीपेक्षा त्यांची नजर कितीतरी पुढची आहे.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. ऑक्टोबरपासून पुढे त्याचा विणीचा काळ असतो. मोबाइलमधला आवाज ऐकून नर दुसरा नर आला समजतो आणि ढोलीतली मादी, पिल्लं सोडून तुमच्याभोवती घिरट्या घालत बसतो. ढोली सापडलीच तर लांबूनच फोटो घ्या आणि ती जागा कुठेही लिहू नका.