भट्टी निवू दे

जुन्या चिनी चुन भांड्यांसारखा निळा रंग आणायला केलेल्या तुझ्या सहाव्या बरणीचा फोटो पाहिला. घाट छान आहे, खांद्यावरचे दोन कान तर फारच गोड. ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकता थर, मात्र नुसतं काचेसारखं, आतली करडी माती दिसतेय, निळ्याचा मागमूस नाही. आणि खाली तुझा प्रश्न: ‘निळ्यासाठी चिमूटभर कोबाल्ट घालू का? कोणाला कळणार आहे?’

तुला कळलंय, म्हणून तर विचारलंस.

अगं, चीनच्या हेनान प्रांतात युझोऊच्या आसपास सोंग आणि जिन राजवटींत जे कुंभार ही चुन भांडी करत होते, त्यांच्या ग्लेझात कोबाल्ट नव्हतंच. दगडाची भुकटी, राख, आणि थोडंसं लोह. (चुन हे नाव चुन्यावरून आलेलं नाही, ग्लेझ वितळवायला मात्र चुना लागतोच.) 1250 अंशांच्या आसपास हे सगळं एकजीव होतं. मग निवताना त्या काचेतच दुसऱ्या काचेचे अतिसूक्ष्म थेंब सुटे होतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. निवताना. आणि तू गॅस बंद केलास की डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, सताड उघडतेस, कारण दुसऱ्या दिवशी ऑर्डरचे मग भाजायचे असतात! थेंबांना सुटायला वेळ कधी द्यायचा? भट्टी निवू दे.

लंडनला ब्रिटिश म्यूझियममध्ये पर्सिव्हल डेव्हिड संग्रहातली चुन भांडी पाहायला मी चक्क जमिनीवर उकिडवा बसलो होतो. काठावरून ग्लेझ ओघळून पातळ झालेलं, तिथे शेवाळी-तपकिरी. खाली पायाच्या जरा वर जाड वळी होऊन थांबलेलं, पातेल्याच्या कडेला साय धरावी तसं. पुढे आणखी वितळलं असतं तर भांडं भट्टीतल्या फळीला चिकटलं असतं. कुठे थांबायचं हे त्या कुंभाराला ठाऊक होतं. ‘भट्टीत जाताना एक रंग, बाहेर येताना दहा हजार’ ही चिनी म्हण सांगून लोक सगळं नशिबावर ढकलतात, त्याचा मला राग येतो.

आता माझं ऐक. प्रदर्शन दोन दिवसांवर होतं. भट्टी तीनशे अंशांवर असताना मी दार उघडलं. आधी नुसता गार वारा आत गेला, मग टण्ण. मग पुन्हा टण्ण. अकरा बरण्या गेल्या. त्यांत माझ्या नव्हत्या अशा दोन होत्या, गुरुजींनी विश्वासाने दिलेल्या. त्यांना मी सांगितलं, फळी तुटली. ते ‘हं’ म्हणाले आणि चहा मागवला. त्यांना कळलं होतं, हे आज कळतं. प्रदर्शनाची तारीख मी ठरवली नव्हती, घरी पैशांची ओढ होती, सहाय्यकाने सुट्टी घेतली होती. सगळं खरं आहे. तरी दार मीच उघडलं.

तेव्हापासून मी हट्टी झालो, लोक आढ्यताखोर म्हणतात. म्हणोत. माझ्याकडे ऑर्डरी कमी येतात, हेही तुला माहीत आहे.

ती सहावी बरणी फोडू नकोस, लोणचं घाल तिच्यात. सातवी घेऊन शनिवारी ये. रात्री भट्टी बंद करू, डॅम्पर लावू, फटींना माती लिंपू. सोमवारी संध्याकाळी उघडू. रविवारी आलीस तर पोहे मिळतील, दाराला हात लावू देणार नाही.