प्रेसवर बसण्याआधी एक वही घे

प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनांच्या खात्यात, नवीन आहेस म्हणून सांगतो. प्रेसला दोन बटणं का असतात? स्ट्रोक, म्हणजे मशीनचा वरचा भाग, खाली येताना दोन्ही हात बटणांवरच राहावेत, डायमध्ये (पत्रा ठेवतात त्या साच्यात) जाऊ नयेत म्हणून. पण प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवतात. भोसरीत माझ्या शेजारच्या मशीनवर असंच होतं. सुपरवायझरला तीनदा सांगितलं, पण तोंडी. पुढच्याच आठवड्यात त्या पोराची दोन बोटं गेली, आणि साहेब म्हणाले, “मला कुणी बोललंच नव्हतं.”

तेव्हापासून माझ्या खिशात वही. तारीख, वेळ, शिफ्ट, काय दिसलं, कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला. “मशीन धोकादायक आहे” असलं मोघम नको, “प्रेस नं. ४, डावं बटण टेपने दाबलेलं” असं लिही. त्याच दिवशी लिही. वही लॉकरमध्ये ठेवू नकोस, घरी ने. मोबाईल आत चालत नसेल तर फोटोच्या नादी लागू नकोस, त्यावरूनच काढतील.

मग कंपनीला अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. सही देत नसतील तर स्पीड पोस्ट कर आणि पावती जप. तरी हलले नाहीत तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा. तक्रारदाराचं नाव इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असतं. अर्थात वीस माणसांच्या शेडमध्ये कोणी केलं ते कळतंच, म्हणून अर्जावर एकट्याची सही नको, पाच-सहा जणांच्या घे.